काचेच्या कोपऱ्यातला सटवा

"तुला येत नाही? तुला?" संजयने तिसऱ्यांदा विचारलं. "मी शेजारी उभा असताना अंगददादांना फोनवर सांगतेस, मला जमत नाही म्हणून? वीस वर्षं त्या स्टुडिओत बसून लोकांच्या तोंडावरचे देवीचे व्रण घालवलेस. नवरीचा तिरळा डोळा सरळ केलास. आणि फोटोतला एक माणूस तुला काढता येत नाही?"

"व्रण काढणं वेगळं," आम्रपाली म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

"काय वेगळं?"

"व्रण म्हणजे माणूस नव्हे."

"मी त्यांना परत फोन केलाय. म्हणालो, येतं तिला, ती लाजून तसं बोलली. चार वाजता गाडी येतेय. काच आणि फोटो, दोन्ही न्यायला. आता मला खोटं पाडू नकोस."

"मला तुम्ही आधीच पाडलंत."

रविवार होता म्हणून संजय घरी होता. एरवी या वेळी तो नेकनूरला असायचा. तिथल्या शाळेत तो चौदा वर्षं प्रयोगशाळा सहायक होता. शाळा अंगदच्या घराण्याच्या संस्थेची. चौदा वर्षांत संजयच्या नावाला मान्यता मिळाली नव्हती, आणि आता कुठे प्रस्ताव तयार होऊन अध्यक्षांच्या टेबलावर पडला होता. सही सोमवारी होणार होती. अध्यक्ष अंगद होता.

ओट्याला टेकून दीपमाला भिजवलेले हरभरे खात होती. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे पळायची आणि परत आली की घरातल्या कुठल्याही भांडणात न बोलावता शिरायची. "मम्मी, एवढं काय त्यात? मोबाईलवर फोटो काढून ठेव. पणजोबा मोबाईलमध्ये राहतील. मग काचेवरून घालव त्यांना. सगळे खुश."

"काढलाय मोबाईलवर. आठ दिवस झाले."

"मग अडलं कुठं?"

आठ दिवस आम्रपाली स्वतःलाही हेच विचारत होती.

भिंतीला पाठ लावून शेंगा फोडत बसलेल्या मुक्ताबाईंनी मान वर केली नाही. "घालव बाई त्याला," त्या म्हणाल्या. "जित्तेपणी लई जोडे उचलले त्यानं. आता त्यांच्या बैठकीत भिंतीवर टांगून अजून उचलाया लावता का? कावून? घालव. सुटू दे."

सासूचंही मत तेच. म्हणजे घरात तिच्या बाजूने कुणीच नव्हतं. आम्रपालीने शेवटची भाकरी टोपलीत टाकली, गॅस बंद केला आणि हात धुऊन जिन्याने गच्चीवरच्या खोलीत गेली.

ही खोली म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक खिडकी, खिडकीला काळा पडदा आणि एक टेबल. टेबलावर लाकडी चौकट, दोन बरण्या, स्पंजाचा ब्रश. बारावी झाल्यावर आम्रपाली बसस्टँडजवळच्या राधाकिशनच्या स्टुडिओत कामाला लागली होती. काम काय, तर बायकांचा फोटो काढताना पदर नीट करायला एक बाईमाणूस हवं होतं. महिनाभर तिने पदर नीट केले, हनुवट्या वर केल्या. मग राधाकिशनकाकांच्या लक्षात आलं, की पोरीचा हात अजिबात हलत नाही. त्यांनी तिला खिडकीशी बसवलं आणि निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवायला शिकवलं. डोळ्याखालचं काळं, कपाळावरची आठी, ओठावरची लव. ज्या बीडकरांच्या बैठकीत आज लग्नाचे फोटो गुळगुळीत चेहऱ्यांनी लटकतात, त्यातले कितीतरी चेहरे तिने गुळगुळीत केलेले आहेत. हे त्या चेहऱ्यांनाही माहीत नाही.

मोबाईल आले आणि स्टुडिओचं शटर पडलं. काकांनी जाताना तिला चौकट दिली, निगेटिव्ह खरडायच्या पातीची डबी दिली आणि आपल्या वडिलांची एक विद्या दिली. ते पाटबंधारे खात्याला तलावांचे नकाशे छापून द्यायचे. दोन औषधं पाण्यात कालवायची, अंधारात कागदाला लावायची, वाळला की त्यावर नकाशा ठेवून उन्हात मांडायचा, मग साध्या पाण्यात धुवायचा. जिथं ऊन लागलं तिथं निळं, जिथं नाही तिथं पांढरं. "बीडमध्ये दुसरं काही नसलं तरी ऊन आहे," काका म्हणायचे.

आधी तिने कडुलिंबाची डहाळी छापली, मग गल्लीतल्या एका गेलेल्या म्हातारीचा चेहरा. मोबाईलवरचा फोटो झेरॉक्सवाल्याकडून पारदर्शक कागदावर उलटा, काळ्याचा पांढरा, करून आणायचा आणि उन्हात छापायचा. म्हातारीच्या लेकाने तो निळा फोटो भिंतीवर लावला आणि बघायला आलेल्या पाहुण्यांनी पत्ता विचारला. एप्रिलात जयंतीच्या आधी तर मागणी पुरी होत नसे. लोक तिला निळ्या फोटोवाल्या ताई म्हणू लागले. पाण्याची तेवढी पंचाईत होती. बोअरच्या खारट पाण्यात निळा रंग विटायचा. त्यामुळे आठव्या दिवशी नळाला येणारं गोडं पाणी ती फोटोंसाठी बाजूला ठेवायची. त्यावर मुक्ताबाईंचं म्हणणं ठरलेलं: "जित्त्या माणसाला प्यायला न्हाई, अन् मेलेल्यांना रोज आंघोळ." आणि असं म्हणत त्याच टबाशी बसून कागद हळूहळू हलवायच्या. त्यांच्याइतक्या सबुरीने कागद कुणी हलवत नसे.

अंगदकडची काच आली ती अशीच. त्याच्या आजोबांची, बद्रीनाथरावांची जन्मशताब्दी. घरातल्या जुन्या पेटीत शाळेच्या वहीएवढी काचेची निगेटिव्ह सापडली. आता ती छापणार कोण? शाळेत कुणीतरी संजयच्या बायकोचं नाव सांगितलं. अंगद स्वतः येऊन काच देऊन गेला. पांढरा सदरा, बोलणं मऊ. "निळा नको हं ताई," तो म्हणाला होता. "लोक त्याचा वेगळाच अर्थ काढतात."

"चहाच्या पाण्यात ठेवला की तपकिरी होतो," आम्रपालीने सांगितलं.

"मग चहात ठेवा. पत्ती पाठवू का?"

पहिली प्रत तिने नुसती बघायला म्हणून छापली. मुक्ताबाई टबाशी होत्या. पिवळट पाणी निघून गेलं, निळं वर आलं. खुर्चीत तिशीतले बद्रीनाथराव, फेटा, मांडीवर काठी, नजर कुठंतरी वरती. आणि खुर्चीच्या पायाशी, उजव्या कोपऱ्यात, जमिनीवर बसलेला एक माणूस. मुंडासं, गुडघ्यापर्यंतचं धोतर, दोन्ही हातांत बद्रीनाथरावांचे जोडे. तो मात्र सरळ कॅमेऱ्यात बघत होता.

मुक्ताबाईंचा हात पाण्यात थांबला. हात पुसून खाली गेल्या. संध्याकाळी ताटावर बसताना म्हणाल्या, "त्यो सटवा हाय. माझा सासरा." कशावरून, असं संजयने विचारलं. "डाव्या हाताची करंगळी न्हाई. इळ्यानं गेलती. मी सून म्हून आले तवा म्हातारा झालता, पन डोळे तेच."

सटवाचा दुसरा फोटो जगात कुठंही नव्हता. घरात त्याच्याबद्दल एवढंच माहीत होतं, की ज्या साली समाजाने धर्म बदलला त्या साली त्यानेही बदलला, आणि मग जोडे उचलायला गेला नाही. त्यापायी दोन वर्षं गावात त्याला काम मिळालं नाही.

आम्रपालीने पहिल्या प्रतीचा फोटो अंगदला पाठवला. दोन तासांनी त्याचा फोन आला. फोटो छान आहे, पण पायाशी बसलेला माणूस नको. निवडणुकीचे दिवस आहेत. कुणी मोबाईलवर फिरवला तर लोक म्हणतील, बघा यांचे आजोबा. आणि नुसतं कागदावर झाकून चालणार नाही. काचेवरूनच तो भाग खरडून टाका, म्हणजे पुढं कुणाच्या हाती लागला तरी प्रश्न नाही.

तो माणूस कोण, हे अंगदला माहीत नव्हतं. संजयने सांगितलंही नाही.

आता आम्रपालीने काळा पडदा सरकवला आणि काच खिडकीशी उभी धरली. डबीतून पाती काढली. करायचंच असेल तर बघू तरी, किती काम आहे. तिच्यातली जुनी कारागीर नकळत हिशेब लावू लागली.

काचेवर सगळं उलटं असतं. सटवाचं पांढरं मुंडासं काळंकुट्ट, धोतर काळं. चेहरा मात्र पातळ, जवळपास आरपार. आणि जोड्यांच्या जागी तर काचेवर काहीच नव्हतं; काळं चामडं, तिथं काच नितळ होती. खाली सगळ्यांना वाटत होतं, खरडलं की माणूस गेला. तसं नव्हतं. नुसतं खरडलं तर तो भाग कागदावर काळा ठिक्कर येणार, बद्रीनाथरावांच्या पायाशी माणसाच्या आकाराचं भोक पडल्यासारखा. त्याला जमिनीत मिसळायचं, तर मुंडासं आणि धोतर पातीने जपून पातळ करायचं आणि मग पेन्सिल घेऊन चेहरा भरत जायचं. कपाळ, मग एकेक डोळा, मग ओठ. बारीक रेघांवर रेघा, जमिनीची भुरकट छटा येईपर्यंत. चारपाच तासांचं काम. पूर्ण झालं की कुणाला कळणारही नाही, इतकं ते तिला येत होतं.

तिने पेन्सिलीला टोक काढलं. टोक काचेपासून बोटभर अंतरावर नेलं, डाव्या डोळ्यावर. हात हलत नव्हता. तो हलला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

फोन वाजला. अंगद. जिन्यात संजयची पावलं वाजली, मागोमाग मुक्ताबाईंची, एकेक पायरी थांबत. आम्रपालीने फोन टेबलावर ठेवून मोठा आवाज लावला.

"ताई, झालं का? संजयसर म्हणाले, तुम्ही बसलात कामाला."

"बसलेय."

"तुमच्यावर विश्वास आहे म्हणून घरची काच दिली बघा. आणि सरांच्या प्रस्तावाची काळजी करू नका. उद्या सकाळी पहिलं तेच काम. आज तुमचं आटोपू द्या, उद्या आमचं."

संजय दारात उभा राहून मान हलवत होता, जणू अंगद समोरच होता.

"दादा, एक विचारू?" आम्रपाली म्हणाली. "तो पायाशी बसलेला माणूस कोण होता?"

"तो? कुणास ठाऊक. असेल गड्यांपैकी कुणीतरी. जुन्या काळी शंभर माणसं असायची दारात. का हो?"

संजयने दोन्ही हातांनी नको नको केलं. त्याच्याकडे बघत आम्रपाली म्हणाली, "काही नाही. सहज." मग फोन ठेवला. स्वतःचाच तिला राग आला.

मग मुक्ताबाईंनी विचारलं, "काय म्हनला त्यो? गड्यांपैकी कुनीतरी?"

"आई, त्यांना कसं माहीत असणार," संजय म्हणाला. "त्यांचा जन्म तरी झाला होता का?"

"तुझा झालता का? तुला म्हाईत हाय नव्हं." मुक्ताबाई खाली उंबऱ्यावर बसल्या. "त्याच्या आज्याला म्हाईत हुतं. त्यानंच सांगितलतं गावाला, सटवाला काम देऊ नका म्हून. माझी सासू सांगायची. दोन उन्हाळे आंबाडीची भाजी खाल्ली." त्यांनी पदराने मानेवरचा घाम टिपला. "कुनीतरी म्हनं."

"मग आत्या, तुमचं काय म्हणणं?" आम्रपालीने विचारलं. "ठेवू का घालवू?"

"मला इचारू नको. मी सकाळी एक बोलले, आता दुसरं बोलीन. काच तुझ्या हातात हाय."

म्हातारीने असा हात काढून घेतला. आम्रपालीने पेन्सिल डबीत ठेवली, पाती ठेवली, डबीचं झाकण लावलं. पहाटेच औषध लावून वाळवलेले दोन कागद काळ्या पाकिटात होते. त्यातला एक काढून तिने चौकटीत घातला, वर काच ठेवली, मागच्या पट्ट्या दाबल्या आणि चौकट उचलून गच्चीवर नेली.

"काय करतेस?" संजय मागे आला. "आम्रपाली, काय चाललंय?"

"छापतेय."

"आहे तसं?"

तिने चौकट उन्हात मांडली आणि मोबाईलवर वेळ लावली. नऊ मिनिटं. साडेअकराचं ऊन होतं, पत्र्यावरून वाफ आल्यासारखी हवा हलत होती. शेजारच्या गच्चीवर कुणीतरी सांडगे घातले होते.

संजय चौकटीजवळ येऊन उभा राहिला. हात लावला नाही. फक्त अर्धं पाऊल डावीकडे सरकला आणि त्याची सावली काचेच्या उजव्या कोपऱ्यावर पडली, नेमकी सटवावर.

आम्रपालीला कळायला वेळ लागला नाही. चौदा वर्षं पोरांना प्रयोग मांडून देणारा माणूस. सावली पडेल तिथला कागद कोरा राहील, हे त्याला सांगावं लागत नव्हतं.

"सरका."

"नऊ मिनिटं फक्त. तुला काही करावं लागणार नाही. तुझा हातही लागणार नाही. मी उभा राहतो." त्याचा आवाज आता चढा नव्हता. तेच जास्त अवघड होतं. "निदान आजचा फोटो तरी दे. काचेचं मी बघतो, सांगतो पुढच्या आठवड्यात करू म्हणून. सही होऊ दे एकदा. चौदा वर्षं गं. शिपाईसुद्धा मला साहेब म्हणताना हसतो."

तिने मोबाईलकडे बघितलं. सव्वासात मिनिटं उरली होती. तिला त्याची चौदा वर्षं माहीत होती. सकाळी सहाचा डबा तिनेच भरला होता, पाच हजार पगारावर, मग सात हजारांवर. दरवर्षी पुढच्या वर्षी म्हणायचा. तो वाईट माणूस नव्हता. उन्हात डोकं उघडं टाकून तो आपल्याच आजोबावर सावली धरून उभा होता, आणि घाम त्याच्या भुवईतून डोळ्यात उतरत होता, तरी हलत नव्हता.

"तुमच्या सावलीनं पांढरा डाग पडेल," ती म्हणाली. "अंगददादा विचारतील, हे काय."

"सांगू, काच खराब होती."

"सांगाल तुम्ही?"

"सांगीन."

सहा मिनिटं. तिने चौकट उचलून दुसरीकडे ठेवली असती तर तो तिथंही आला असता. मग ओढाताण, मग काच. ती जागची हलली नाही, तोही नाही. खाली दीपमालाने कुणाशी तरी हसत फोनवर बोलायला सुरुवात केली होती.

"संजू," दारातून मुक्ताबाई म्हणाल्या. "सावली काढ त्याच्यावरची."

"आई, तूच सकाळी म्हणालीस—"

"म्हनले हुते. सावली काढ."

तो आईकडे बघत राहिला. मुक्ताबाई उंबऱ्यावरून उठल्या नाहीत, आवाज चढवला नाही, पुन्हा सांगितलंही नाही. साडेपाच मिनिटं राहिली असताना संजय मागे सरला आणि पाण्याच्या टाकीच्या आडोशाला जाऊन पाठमोरा उभा राहिला.

आम्रपालीने वेळ पुन्हा पहिल्यापासून लावली नाही. उरलेली मिनिटं भरली तेव्हा तिने बाकीची काच पुठ्ठ्याने झाकून चौकटीचा उजवा कोपरा आणखी तीन मिनिटं एकटाच उन्हात ठेवला, सावलीने खाल्लेला वेळ भरून काढायला. मग कागद काढून टबात सोडला. मुक्ताबाई न बोलावता येऊन बसल्या आणि पाणी हलवू लागल्या. दुसरा कागद तिने लगेच चौकटीत घातला. या वेळी कुणी जवळ आलं नाही.

एक वाजता दोन्ही प्रती दोरीवर होत्या, अंगदची चहाच्या पाण्यातून तपकिरी होऊन, आणि काच कोरड्या फडक्यात गुंडाळून, जशी आली तशीच, पुठ्ठ्याच्या खोक्यात. खाली ताटं मांडलेली होती. संजय ताटासमोर बसला होता, पण भाकरीला हात लावला नव्हता. दीपमाला आळीपाळीने सगळ्यांची तोंडं बघत होती. मुक्ताबाई जिना उतरून भिंतीला टेकल्या.

"मम्मी, चारला गाडी येणार ना?" शेवटी दीपमालाने विचारलं. "काय सांगायचं?"

आम्रपालीने आमटीचं भांडं मध्ये ठेवलं आणि उभ्याउभ्याच बोलली.

"काच मी खरडणार नाही. पेन्सिलही लावणार नाही. दोन प्रती छापल्यात, दोघंही आहेत दोन्हीत. एक अंगददादांची. तिच्यामागे दोघांची नावं लिहीन, खुर्चीतल्याचं आणि खाली बसलेल्याचं, आणि तो आमच्या घरचा आहे हे मी त्यांना तोंडानं सांगेन. काच त्यांची आहे, नेऊन काय करायचं ते त्यांनी करावं. दुसरी प्रत आपली. ती भिंतीवर लावायची की पेटीत ठेवायची, ते आत्या ठरवतील. उद्या सही होईल किंवा होणार नाही. चार वाजता दार मी उघडणार, बाकी कुणी मध्ये बोलायचं नाही."

मग तिने संजयच्या ताटात आमटी वाढली.